सीलबंद ऑप्टिमस प्राइममध्ये बोनस घालावा का?

प्रश्न: मी 37 वर्षांचा, ठाण्यात राहतो, आयटीत आहे. यंदा बोनसचे 2 लाख 20 हजार हातात आले. ओळखीच्या एका संग्राहकाकडे 1984 चा ऑप्टिमस प्राइम आहे, म्हणजे ‘ट्रान्सफॉर्मर्स’मधला ट्रकचा रोबो होणारा खेळण्यातला, डबा सीलबंद. 1 लाख 80 हजार मागतोय आणि पाच वर्षांत दुप्पट होतील म्हणतो. होम लोन चालू आहे, मुलगी दोन वर्षांची आहे. बँकेत दोन महिन्यांचा खर्च निघेल एवढी शिल्लक असते, विमा नोकरीतून मिळतो तेवढाच. या रोबोंचं वेड लहानपणापासून आहे. घेऊ का?

उत्तर: गुंतवणूक म्हणून घेऊ नका. हौस म्हणून घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण मग सीलबंद डबा नको.

आधी तुमच्या घराचं बघू. दोन महिन्यांची शिल्लक, डोक्यावर कर्ज, पदरात लहान मूल, आणि नोकरी गेली तर विमाही त्याच दिवशी जाणार. या परिस्थितीत बोनसवर पहिला हक्क टर्म इन्शुरन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या जीवनविम्याचा. स्वतःच्या नावावर पॉलिसी घ्या, होम लोन फिटून मुलीचं शिक्षण होईल एवढ्या रकमेची. उरलेल्यातला मोठा हिस्सा एफडीत किंवा लिक्विड फंडात (लागतील तेव्हा पटकन काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात) टाकून शिल्लक सहा महिन्यांच्या खर्चापर्यंत न्यायला सुरुवात करा. हे मी कुठल्याही वस्तूच्या बाबतीत सांगितलं असतं, ती सोन्याची असती तरी.

आता त्या ‘दुप्पट’कडे. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळपास 15 टक्के, दरवर्षी, न चुकता. आणि हे 3 लाख 60 हजार तुमच्या हातात पडायला हवेत. या वस्तूचं खरं गिऱ्हाईक बहुतेक अमेरिकेत किंवा जपानमध्ये. ईबे या ऑनलाइन बाजारात विकलंत तर साधारण 13 टक्के शुल्क जातं, वर पॅकिंग, कुरिअर, चलनबदल. सगळं मिळून 15 टक्के धरले तरी तो सव्वाचार लाखांच्या आसपास विकला जायला हवा. मधल्या पाच वर्षांत व्याज नाही, लाभांश नाही, अडीनडीला अर्धा मोडता येत नाही. तेच 1 लाख 80 हजार 7 टक्क्यांनी दहा वर्षं ठेवले तर साडेतीन लाखांच्या वर जातात, आणि त्यासाठी गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

कराचंही सांगतो. वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तू, दागिने आणि कलाकृती वगैरे सोडून, भांडवली मालमत्तेत धरत नाहीत, म्हणून त्या विकून झालेल्या नफ्यावर हा कर लागत नाही. पण नफ्यासाठी घेऊन न उघडता ठेवलेली वस्तू ‘वापराची’ होती हे पटवणं अवघड जाईल. तेव्हा 24 महिन्यांनंतरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर धरूनच चाला.

माझी खरी काळजी मात्र त्या डब्याची आहे. मूळ साचा जपानच्या ताकारा या खेळणी कंपनीच्या ‘डायाक्लोन’ मालिकेतला. हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने तो 1984 मध्ये ऑप्टिमस प्राइम म्हणून अमेरिकेत आणला. तोच साचा 2002 मध्ये पुन्हा बाजारात आला, नकलाही भरपूर निघाल्या. उघडा नग असेल तर पारख करता येते. अमेरिकेतल्या 2002 च्या आवृत्तीत ट्रकची धुराडी मुलांच्या सुरक्षिततेसाठी आखूड केली होती, मूळ खेळण्यात ती लांब आहेत. हाताच्या दोन मुठी वेगळ्या बसवायच्या असतात आणि हमखास हरवतात. छोटी रोलर गाडी, बंदूक, क्षेपणास्त्रं, इंधनाचा पंप आणि त्याची नळी, हे सगळं आहे का ते मोजता येतं. क्रोम कुठे उडालाय, स्टिकर नवे चिकटवलेत का, हेही दिसतं. डब्यामागचे ‘रोबॉट पॉइंट्स’ हे कुपन मुलं कात्रीने कापून कंपनीकडे पाठवायची, म्हणून पॉइंट्स शाबूत असलेल्या डब्याला जास्त भाव.

सीलबंद डब्यात आतल्या खेळण्याचं यातलं काहीच तपासता येत नाही. सगळी किंमत त्या चिकटपट्टीवर उभी आहे, आणि चिकटपट्टी पुन्हा लावता येते. म्हणूनच परदेशात असे डबे ॲक्शन फिगर ऑथॉरिटीसारख्या संस्थेकडून तपासून, गुण देऊन, पारदर्शक पेटीत बंद करून विकतात. तुमच्या ओळखीच्या गृहस्थाकडे तसं प्रमाणपत्र आहे का? नसेल तर सौदा त्यांच्या शब्दावर आहे. ते प्रामाणिक असतील, पण त्यांनीही तो कुणाकडून तरी घेतलाच असेल ना? आणि ठाण्याच्या पावसाळ्यात चाळीस वर्षांचा पुठ्ठा सांभाळायचा म्हणजे दमट हवा, बुरशी आणि कसर यांच्याशी रोजचा सामना.

मागणीबद्दल माझं मत सांगतो. ट्रान्सफॉर्मर्सच्या या पहिल्या मालिकेसाठी मोठी रक्कम मोजणारे बरेचसे लोक 1984 च्या आसपास लहान होते, आज पन्नाशीच्या आगेमागे आहेत. पुढच्या वीस वर्षांत त्यांचे संग्रह विक्रीला येतील. तेव्हा घेणारे तितक्याच ओढीने पुढे येतील यावर मी माझ्या कुठल्याही ग्राहकाचा पैसा लावणार नाही.

तरी तुमचं वेड मला खोटं वाटत नाही, आणि हौसेला बजेटमध्ये जागा असलीच पाहिजे. विमा आणि शिल्लक मार्गी लागली की बोनसमधले 20-25 हजार बिनधास्त बाजूला काढा. ताकारा टोमीने (त्याच ताकाराची आजची कंपनी) 2024 मध्ये ‘मिसिंग लिंक’ मालिकेत याच ऑप्टिमसचं रूप जुनं ठेवून सांधे नवे दिलेत. तो बघा, किंवा उघडलेला, पण सगळे भाग असलेला जुना नग शोधा. भाव ठरवताना लोक काय मागतात ते बघू नका, ईबेवर ‘विकले गेलेले’ निवडून खरोखर किती पैसे आले ते बघा. बाहेरून मागवलात तर कस्टम ड्युटी आधी विचारून घ्या. खेळण्यांवरची ड्युटी 2020 आणि 2023 मध्ये बरीच वाढली होती, आणि ती धरली नाही तर बजेट पार कोलमडतं.

सीलबंद डब्याला जी जास्तीची किंमत पडते, ती तो कधीच न उघडण्याची किंमत असते. तुम्हाला तर ट्रकचा रोबो करायचाय. तुमची मुलगी आणखी तीन-चार वर्षांत तेच मागेल, आणि तेव्हा तिला ‘हात लावू नकोस’ म्हणावं लागणार नाही असाच नग घ्या.