अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारचा 'जीएनएक्स' हा अल्बम खरंच भारी आहे, की नुसता केंड्रिकच्या नावावर चालतोय? आणि आपल्याकडच्या गावाकडच्या पोरांना त्यातलं कळतं तरी काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: भारी आहे. दुसरा प्रश्न मला लागला, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

मी परभणी जिल्ह्यातला. तालुक्याच्या गावी राहतो, जिनिंगमध्ये हिशेबाचं काम करतो. केंड्रिक लमार ऐकतोय तो २०१७ चा 'डॅम' आल्यापासून. त्या अल्बमला पुढच्या वर्षी पुलित्झर हे अमेरिकेतलं मोठं पारितोषिक मिळालं. शास्त्रीय आणि जाझ सोडून दुसऱ्या संगीताला ते तोवर कधीच मिळालं नव्हतं. आम्ही तो ओळी समोर ठेवून, अडेल तिथं थांबून, परत मागं जाऊन ऐकला. शहरातला पोरगा एका बैठकीत ऐकतो आणि मत देऊन मोकळा होतो. आम्हाला वेळ लागतो, पण त्या वेळानंतर आम्हाला त्याच्यापेक्षा जास्त कळलेलं असतं. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे, आणि सांगितलेलंही आहे.

झालं असं. 'जीएनएक्स' आला २२ नोव्हेंबर २०२४ ला, कसलीही जाहिरात न करता. आपल्याकडं शुक्रवारची रात्र होती आणि शनिवारी विधानसभेची मतमोजणी. माझा थोरला चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, पुण्याहून मतदानाला आला होता आणि निकाल बघूनच जाणार होता. मला रॅपची गोडी त्यानंच लावली, हे मी कधी नाकारलं नाही. पण त्या रात्री मोबाइलवर एकदा ऐकून त्यानं निकाल देऊन टाकला: गोष्ट नाही, विषय नाही, मस्टर्ड नावाच्या निर्मात्याचे नाचायचे बीट, आणि नाव न ऐकलेली पोरं गोळा करून बारा गाणी भरलीत. केंड्रिकचाच २०१५ चा 'टू पिंप अ बटरफ्लाय' कुठं आणि हा कुठं. वर म्हणाला, "तुम्हाला आवडणारच, तुम्हाला डीजे पाहिजे."

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

आमच्या एका मित्राचा साउंड आहे. प्रचार थांबल्यापासून त्याची गाडी उभीच होती आणि मिरवणुकीसाठी दोन्ही बाजूंनी त्याला विचारून ठेवलेलं. ज्याचा गुलाल, त्याची सुपारी. शनिवारी सकाळी इकडं मोजणी सुरू झाली आणि त्यानं जिनिंगच्या मागं गाडी लावून टेस्टिंग काढलं. मी म्हणलं, आज टेस्टिंग या अल्बमवर कर. दादालाही हाताला धरून नेलं.

आता हे नीट समजून घ्या, कारण निम्मी भांडणं यामुळंच होतात. या बीटमध्ये जो ८०८ चा बेस आहे, म्हणजे रोलँड कंपनीच्या १९८० च्या ड्रम मशीनचा तो लांब घुमणारा ठोका, त्याचा तळ ४०-६० हर्ट्झच्या आसपास असतो. मोबाइलच्या स्पीकरमधून तो बाहेर पडतच नाही. अर्धं गाणं गायब असताना तुम्ही म्हणता की बीट पोकळ आहे! १८ इंची बेसवर लावल्यावर पहिल्याच गाण्यात पत्रे थरथरले. कापूस घेऊन रांगेत थांबलेले लोक गाड्यांवरून उतरून जवळ आले. दादाही तेव्हा काही बोलला नाही.

त्या पहिल्या गाण्याच्या तोंडाला रॅप नाहीच. डेरा बरेरा नावाची मारियाची गायिका स्पॅनिशमध्ये गाते. मारियाची हे मेक्सिकोकडचं संगीत, आणि केंड्रिकच्या लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन माणसं गल्लोगल्ली आहेत. तो तिला मध्ये कुठं सजावटीला बसवत नाही. दार तिच्या आवाजानं उघडतो आणि कुणाला समजावून सांगायलाही थांबत नाही. अल्बमला नाव दिलं तेही गाडीचं. ब्यूइक या अमेरिकन कंपनीनं १९८७ मध्ये या मॉडेलच्या फक्त ५४७ गाड्या काढल्या, आणि केंड्रिकचा जन्म त्याच सालचा. अकराव्या गाण्यात हिट्टा जे थ्री, यंगथ्रेट आणि पेसो ही लॉस एंजेलिसची तीन पोरं येतात. जगातला सगळ्यात मोठा रॅपर, त्याच्या अल्बमच्या नावाचंच गाणं, आणि तिथं तो स्वतः मागं सरकून या पोरांना पुढं उभं करतो. दादाच्या लेखी ही भरती. माझ्या लेखी अख्खा अल्बम याच कामासाठी केलाय.

ते गाणं लागलं तेव्हा आमच्या गावचा रॅपर तिथं होता. दिवसा मोबाइल दुरुस्त करतो, सीझनला प्रचाराची आणि वाढदिवसाची गाणी लिहून देतो, आणि रात्री स्वतःचं लिहितो. त्यानं विचारलं, हे कोण? मी म्हणलं, त्याच्या गावची पोरं, बाहेर त्यांना कुणी ओळखत नाही. तो म्हणाला, "आणखी एकदा लाव की." तिसऱ्यांदा लावल्यावर त्यानं मिक्सरला लावलेला माईक उचलला आणि त्या बीटवर स्वतःचं म्हणायला लागला. सोयाबीनचा भाव, वावरातली वाटणी, सहा महिने घराला कुलूप लावून ऊसतोडीला गेलेली शेजारची माणसं. आपल्या हेलात, घरी आईशी बोलतो तसं. कापसाच्या गाडीवरचा एक म्हातारा हातवारे करून "म्हण, म्हण" म्हणत होता.

दादा म्हणाला, "छान आहे, पण पुण्यात हे चालणार नाही."

खरं भांडण इथलं आहे आणि ते जुनं आहे. काही वर्षांपूर्वी दादानंच या पोराला पुण्यातल्या एका स्टुडिओत नेलं होतं. तिथं त्याला सांगितलं, हेल काढून टाक, भाषा साफ कर, आणि हुकमधल्या, म्हणजे परत परत येणाऱ्या धृपदातल्या, दखनी (आपल्याकडची उर्दू बोली) ओळी काढ, मराठी गाण्यात त्या कशाला. दादानं मान डोलावली. रेकॉर्डिंग झालं, स्वच्छ झालं, आणि त्यात आमचा पोरगा कुठंच नव्हता. परत आल्यावर कितीतरी दिवस त्यानं वहीला हात लावला नाही. दादा आजही म्हणतो की मी त्याचं भलंच केलं.

सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. आमच्या गल्लीत घरात मराठी आणि हॉटेलात चहा पिताना दखनी, दोन्ही एकाच तोंडातून निघतात. ते काढून टाकलं तर त्या पोरानं कुणाचं तोंड घेऊन गावं? नाथांनी पैठणला भारुडं रचली ती रस्त्यावरची बोली कानात धरून. जनाबाई आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची. विठ्ठलाशी ती भांडली ते दळता-कांडतानाच्या भाषेत, कुणाकडून साफ करून घेऊन नाही. आणि बोलीतल्या रॅपला वजन नसतं म्हणणाऱ्यांनी संभाजीनगरचा राज मुंगासे आठवावा. २०२३ मध्ये एका राजकीय रॅपवरून त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. वजन नसतं तर पोलीस ठाण्यापर्यंत गेलं असतं का?

गावाकडच्या पोरांना काय कळतं, तर हे कळतं. 'रीइनकार्नेटेड' घ्या. टुपाक या जुन्या रॅपरच्या गाण्याच्या चालीवर केंड्रिक आपले मागचे जन्म सांगतो: एक गिटारवाला, मग नशेत संपलेली एक गायिका, मग तो स्वतः, आणि शेवटी बापाशी, देवाशी सवाल-जवाब. ८४ लक्ष योनी ऐकत मोठं झालेल्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही उरत नाही. शेवटच्या 'ग्लोरिया'त तो एका बाईवरचं प्रेम सांगत जातो आणि ती त्याची लेखणी निघते. आमच्या रॅपरला हे पहिल्याच ऐकण्यात लागलं, पुण्यातल्या किती चाहत्यांना लागलं ते त्यांनी सांगावं. विषय नाही म्हणणाऱ्यांनी ही दोन गाणी तरी ओळी वाचून ऐकावीत.

आता दादाचंही थोडं बरोबर आहे, तेही लिहितो. २०१५ च्या अल्बमची खोली याला नाही. तो जवळजवळ ८० मिनिटांचा होता, हा ४४ मिनिटांत संपतो. केंड्रिकचा २०२२ चा अल्बम तर १८ गाण्यांचा दुहेरी होता. मधली एक-दोन गाणी मलाही पातळ वाटतात, नुसत्या रागावर आणि ठेक्यावर उभी आहेत. पण २०२४ च्या मे महिन्यापर्यंत ड्रेक या दुसऱ्या बड्या रॅपरशी गाण्यांतून ते सगळं भांडण झाल्यावर हा माणूस मोठा तत्त्वज्ञानाचा अल्बम काढेल अशी अपेक्षा का धरायची? घरी येऊन आपल्या माणसांत बसला, ते मला जास्त पटलं. शिव्या भरपूर आहेत, बायकांबद्दलच्या काही ओळी मला आवडत नाहीत, आणि घरात मोठ्यानं लावायचा हा अल्बम नाही.

तुम्ही नवे असाल तर सुरुवात 'रीइनकार्नेटेड'पासून करा, मग पहिल्यापासून सलग. वायरचे साधे इअरफोन चालतील, मोबाइलचा स्पीकर नको. पहिल्या ऐकण्यात मत बनवू नका. नेटवर भांडणाऱ्यांतले बरेच जण आपल्या आवडत्या जुन्या अल्बमची बाजू लढवत असतात, नवा कुणी धड ऐकलेला नसतो.

आणि दादा, तू इथं वाचतोस हे मला माहीत आहे. त्या शनिवारचं आमच्या रॅपरचं म्हणणं साउंडवाल्यानं मोबाइलवर रेकॉर्ड केलंय, मागं जनरेटरचा आवाज आहे तरी. त्यातल्या दखनी ओळी आता काढायच्या नाहीत असं त्याचं ठरलंय. स्टुडिओ परभणीतच बघतोय, पैसे आम्ही तिघं घालतोय. तुला घालायचे असतील तर घाल, पण भाषेबद्दल एक अक्षर बोलायचं नाही.