वाचकांचे प्रश्न : काशीहून भक्तपूरपर्यंत शाळेची सहल

शाळेतल्या मुलांना घेऊन वाराणसीमार्गे नेपाळला जाण्याविषयी विदर्भातील वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या हायस्कूलची सहल दरवर्षी शेगाव, अजिंठा-वेरूळ किंवा रायगडला जाते. यंदा पालकसभेत नेपाळचा विषय निघाला. एका सहल-आयोजकाने नऊ दिवसांत वाराणसी, अयोध्या, लुंबिनी, पोखरा, काठमांडू आणि जनकपूर असा कार्यक्रम दिला आहे. नववीच्या मुलांसाठी तो योग्य आहे काय? सहल कोणत्या महिन्यात काढावी? (मुख्याध्यापक, जि. यवतमाळ)

सर, हा कार्यक्रम स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सोनौलीच्या सीमेपासून काठमांडू नकाशावर पावणेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर दिसते. परंतु नारायणगढहून मुग्लिंगकडे आणि तेथून त्रिशूली नदीच्या काठाने जाणारा रस्ता डोंगरातला असल्यामुळे बसचा अख्खा दिवस त्यातच जातो. नागपूरहून वाराणसी आणि गोरखपूरहून परत नागपूर हा रेल्वेचा वेळ वजा केला, तर नऊ दिवसांत सहा ठिकाणे म्हणजे मुलांच्या वाट्याला प्रत्येक ठिकाणी जेमतेम काही तास येतील आणि उरलेली सहल त्यांना बसच्या खिडकीतून पाहावी लागेल.

माझी सूचना अशी की बारा दिवस काढावेत आणि ठिकाणे तीनच ठेवावीत : वाराणसी-सारनाथ, लुंबिनीचा परिसर आणि काठमांडूचे खोरे. बारा दिवस मिळत नसतील, तर खोरे सोडून लुंबिनीहून परत फिरावे आणि जाताना किंवा येताना गोरखपूरजवळचे कुशीनगर पाहावे. तेथील महापरिनिर्वाण मंदिरात पहुडलेल्या बुद्धाची सहा मीटरहून थोडी अधिक लांब मूर्ती आहे. ती १८७६ साली उत्खननात सापडली.

वाराणसीला दोन पूर्ण दिवस द्यावेत, कारण आपल्या भागातल्या मुलांना तेथे ओळखीचे पुष्कळ सापडते. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधविले, हे पाठ्यपुस्तकात येते, पण गंगेवरचा भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी बांधला आहे हे मुलांना क्वचितच ठाऊक असते. तेथून जवळच ललिता घाटावर लाकडी कोरीवकामाचे नेपाळी शैलीतले एक मंदिर आहे. नेपाळचे राजे रणबहादुर शाह १८०० ते १८०४ या काळात काशीत राहिले होते आणि या मंदिराची कल्पना त्यांचीच. हे मंदिर आधी नीट पाहून, त्याच्या छपराखालच्या कोरीव तुळयांची रेखाटने वहीत काढून मुले पुढे गेली, तर काठमांडूच्या खोऱ्यातील पाटण आणि भक्तपूर या शहरांत त्याच घडणीची मंदिरे त्यांना बोट दाखवून ओळखता येतील. सारनाथचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, म्हणून तो वार टाळून आरक्षण करावे. १९०४-०५ च्या उत्खननात मिळालेला चार सिंहांचा स्तंभशीर्ष तेथेच आहे. नोटेवर आणि शासकीय कागदांवर रोज दिसणारे राजचिन्ह मूळ दगडात पाहण्याची ही संधी एका वाराच्या चुकीमुळे हुकू नये.

महिन्याविषयी : डिसेंबर-जानेवारीत पूर्व उत्तर प्रदेशात आणि नेपाळच्या तराईत दाट धुके असते, रेल्वेगाड्या कित्येक तास उशिराने धावतात. जून ते सप्टेंबर हा पावसाळ्याचा काळ दरडींमुळे पूर्ण वर्ज्य समजावा. जुलै २०२४ मध्ये याच डोंगरी रस्त्यावरील सिमलताल येथे दरड कोसळून प्रवाशांच्या दोन बसगाड्या त्रिशूलीत वाहून गेल्या, ही घटना पालकांनाही माहीत असावी. दिवाळीनंतर हवा उत्तम असते, पण त्या वेळी आपल्याकडे कापसाची वेचणी ऐन भरात असते आणि घरात प्रत्येक हाताची गरज असते. म्हणून फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा मला सर्वांत सोयीचा वाटतो. दहावीच्या परीक्षेमुळे शाळेचे वेळापत्रक तेव्हा तसेही विस्कळीत असते. मात्र परीक्षा-केंद्राच्या कामात नसलेले शिक्षक आधीच नेमून ठेवावेत. डोंगरातला प्रवास रात्री करायचा नाही, ही अट आयोजकाकडून लिहून घ्यावी.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. सहलीच्या वेळी तिला साडेपंधरा वर्षे पूर्ण झालेली असतील. तिच्याकडे आधार कार्ड आहे, पासपोर्ट नाही. आयोजक म्हणतात, आधार चालेल. खरे काय? (एक आई, जि. वाशीम)

ताई, भारतीय नागरिकांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्राचे नियम आहेत आणि ते वयानुसार बदलतात. पासष्ट वर्षांपर्यंतच्या प्रौढांजवळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असावे लागते. त्यांचे आधार कार्ड यासाठी ग्राह्य नाही. पंधरा वर्षांखालील मुलांना वय आणि ओळख सिद्ध करणारा छायाचित्रासहित दाखला पुरतो आणि त्यांच्या बाबतीत आधार चालते. आपली मुलगी या दोन्हींच्या मधल्या गटात येते. पंधरा ते अठरा वयोगटातील विद्यार्थ्यांसाठी मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेले ओळख प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते, आणि तेच तिच्याजवळ हवे. वय प्रवासाच्या तारखेला धरायचे, नाव नोंदवण्याच्या तारखेला नव्हे. एकाच वर्गात चौदा आणि पंधरा वर्षांची मुले असल्यामुळे शाळेने दोन वेगळ्या याद्या करणे इष्ट ठरेल. प्रमाणपत्रावरील नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी आणि आधारशी अक्षरशः जुळते की नाही, हे आपण स्वतः पाहून घ्यावे. निघण्याच्या महिनाभर आधी केंद्र सरकारच्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर नियम पुन्हा वाचावेत.

प्रश्न : सोबत मार्गदर्शक असतोच, मग आम्ही शिक्षकांनी वेगळी तयारी कशासाठी करायची? आणि कपिलवस्तू नेमके कोणत्या देशात आहे? मुले विचारतील तेव्हा काय सांगावे? (इतिहासाच्या शिक्षिका, जि. भंडारा)

बाई, आपल्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर आहे. नेपाळमधला मार्गदर्शक मुलांना तिलौराकोट येथे नेऊन हेच शुद्धोदनाचे, म्हणजे बुद्धाच्या वडिलांचे, कपिलवस्तू असे सांगेल. सीमेच्या अलीकडे उत्तर प्रदेशात सिद्धार्थनगर जिल्ह्यातील पिपरहवा येथे नेणारा मार्गदर्शक तितक्याच खात्रीने हेच कपिलवस्तू असल्याचे सांगेल. तिलौराकोटच्या बाजूने तटबंदी, दरवाजे आणि वस्तीचे अवशेष आहेत. पिपरहव्याच्या बाजूने १८९८ साली स्तूपात सापडलेले अस्थिपात्र आणि पुढे १९७० च्या दशकातील उत्खननात मिळालेल्या, कपिलवस्तूच्या भिक्षुसंघाचा उल्लेख असलेल्या मातीच्या मुद्रा आहेत. मुलांना निकाल सांगू नये, दोन्ही बाजूंचा पुरावा सांगावा आणि कोणता पुरावा कशासाठी पुरेसा आहे यावर त्यांना बोलू द्यावे. नववीतील मुले हे उत्तम करतात. दोन देशांतून नेणाऱ्या सहलीचे खरे शिक्षण मला यातच दिसते, आणि ते कोणताही मार्गदर्शक आपण होऊन देणार नाही, कारण त्याला वेळेत बस गाठायची असते.

लुंबिनीत मात्र वादाला जागा कमी आहे. राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी सम्राट अशोक स्वतः येथे आला, येथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले म्हणून त्याने लुंबिनी गावाचा कर कमी केला, असा ब्राह्मी लेख तेथील स्तंभावर आजही वाचता येतो. त्यातील ‘हिद बुधे जाते’ हे तीन शब्द मुलांना आधी वर्गात ब्राह्मी लिपीत लिहायला शिकवा. स्तंभासमोर उभे राहून ते शब्द स्वतः शोधताना मुलांचे चेहरे कसे उजळतात, हे मी पाहिले आहे, आणि म्हणूनच हा आग्रह धरते.

आपण भंडारा जिल्ह्यातल्या आहात, तेव्हा सहलीची सुरुवात पवनीपासून करा. १९६९-७० च्या उत्खननात तेथे स्तूपांचे अवशेष आणि ब्राह्मी अक्षरे कोरलेले दगड मिळाले. एक दिवसाची ही भेट नेपाळच्या सहलीला न येऊ शकणाऱ्या मुलांनाही घडवता येते. तसेच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतल्यानंतर त्याच नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते आणि परतताना त्यांनी सारनाथ, कुशीनगर ही स्थळे पाहिली, हे वर्गात अवश्य सांगावे. आपल्या मुलांपैकी कित्येकांच्या घरी हा प्रवास आजोबांच्या तोंडून ऐकलेला असतो.

मार्गदर्शक परवानाधारक असावा, हिंदीत बोलणारा असावा, आणि एका मार्गदर्शकामागे वीस-पंचवीसहून अधिक मुले नसावीत. सीमेवर भारतीय बस नेपाळमध्ये न्यायची असल्यास ‘भन्सार’ म्हणजे जकातीची नोंद करून दिवसाप्रमाणे पैसे भरावे लागतात. त्यापेक्षा सोनौलीला बस सोडून मुलांनी कमानीखालून पायी सीमा ओलांडावी आणि पलीकडे नेपाळी बस घ्यावी. सीमा म्हणजे काय, हे पायी चालताना अधिक कळते.

प्रश्न : भूकंपात काठमांडूची देवळे पडली ना? मग आम्ही जाऊन काय पाहणार? (नववीतील विद्यार्थिनी, जि. गडचिरोली)

बाळ, तुझा प्रश्न फार चांगला आहे. २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ क्षमतेचा भूकंप झाला, सुमारे नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि काठमांडूचे काष्ठमंडप, धरहरा मनोरा यांसारख्या वास्तू कोसळल्या. परंतु भक्तपूरचे पाच मजली न्यातपोल मंदिर उभे राहिले. राजा भूपतिंद्र मल्ल यांनी ते १७०२ च्या सुमारास बांधविले आणि १९३४ चा मोठा भूकंपही त्याने सोसला होता. रुंद, पायऱ्यापायऱ्यांची बैठक आणि एकमेकांत गुंतवलेली लाकडे व विटा यांनी त्याला बळ दिले. काष्ठमंडप लोकांनी जुन्या पद्धतीने, लाकडातच पुन्हा उभारले आहे. पाटणच्या दरबार चौकात १६३७ सालचे दगडी कृष्णमंदिर आहे. त्याच्या पट्ट्यांवर महाभारत आणि रामायणातील प्रसंग कोरलेले असून प्रत्येकाखाली नेवारी भाषेत माहिती दिली आहे. कोणता प्रसंग आहे, हे भाषा न येताही तुला ओळखता येईल. जुने लाकूड कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते, ते रंगावरून शोध आणि वहीत नोंदवून ठेव. काठमांडूच्या खोऱ्यात तुमचा मुक्काम शक्यतो भक्तपूर किंवा पाटणमध्ये ठेवावा, असे तुझ्या सरांना माझ्यातर्फे सांग, म्हणजे सकाळी गर्दी होण्यापूर्वी चौक तुमचाच असेल.

प्रश्न : पैसे, फोन आणि घड्याळ यांविषयी थोडक्यात सांगावे. (पालक, जि. यवतमाळ)

शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा ठरलेला दर आहे. शंभर आणि त्याहून लहान नोटा द्याव्यात, मोठ्या नोटांचे नियम अधूनमधून बदलतात. आपले सिमकार्ड रोमिंगशिवाय चालत नाही, म्हणून शिक्षकांनी तेथील सिम घेऊन त्यावरून रोज संध्याकाळी गावच्या गटावर निरोप पाठवावा. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते आणि साप्ताहिक सुटी शनिवारी असते. फेब्रुवारीत खोऱ्यात रात्री चांगलीच थंडी पडते, स्वेटर आणि कानटोपी हवीच.

प्रश्न : वर्गातली निम्मी मुले शेतमजुरांची आहेत. ज्यांना जमेल त्यांनाच न्यावे, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. आपले मत काय? (शिक्षक, जि. वाशीम)

गुरुजी, केवळ पैसे भरू शकणाऱ्यांचीच सहल निघणार असेल, तर ती शाळेच्या नावाने काढू नये. मागे राहिलेल्या मुलांना वर्षभर त्याच वर्गात बसून तिच्या गोष्टी ऐकाव्या लागतात. खर्च एकरकमी न मागता जूनपासून हप्त्यांनी घ्यावा आणि मोठा हप्ता सोयाबीन व कापसाचे पैसे हाती येतात त्या सुमारास ठेवावा. मजुरी करणाऱ्या कुटुंबांसाठी गावातील माजी विद्यार्थी आणि ग्रामपंचायत यांच्याकडे उघडपणे मदत मागावी, पण कोणत्या मुलाचे पैसे कोणी भरले हे मुख्याध्यापक सोडून कोणाला कळू देऊ नये. आयोजक अनेकदा ठरावीक संख्येमागे काही जागा मोफत देतात. त्या शिक्षकांच्या नातेवाइकांऐवजी या मुलांना मिळाव्यात, असा ठराव पालकसभेतच करून घ्यावा. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची लेखी संमती आधी हाती असावी. रेल्वेच्या सवलतींत ग्रामीण भागातील सरकारी शाळांच्या अभ्याससहलींसाठी दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात मोठी सूट आहे, तिचा अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीने जवळच्या मोठ्या स्थानकावर द्यावा लागतो. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. फेब्रुवारीत निघायचे असेल, तर नोव्हेंबर संपण्यापूर्वी मुलांची यादी पक्की करून ठेवा.