स्क्रूज कडवट की खवट?

चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ या इंग्रजी कथेतल्या स्क्रूजला मराठीत ‘कडवट आणि लोभी म्हातारा’ म्हटलं तर चालेल का, असं एका वाचकाने विचारलंय. अनुवाद करताना हे शब्द त्यांना खटकले. खटकायलाच हवेत.

आधी ‘लोभी’ घेऊ. लोभ्याला जे हवं असतं ते उपभोगायलाही हवं असतं, हावरट तर मिळेल ते लगेच तोंडात कोंबतो. १८४३ साली डिकन्सने उभा केलेला हा लंडनचा पेढीवाला तसा नाही. अंधार स्वस्त पडतो म्हणून तो अंधारातच जिना चढतो. पेजेवर भागवतो. कोळशाची पेटी स्वतःच्या खोलीत ठेवतो, बिचारा कारकून मेणबत्तीवर हात शेकून बघतो. पैसा त्याला स्वतःलाही लाभत नाही. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, अशा माणसाला आपण ‘कवडीचुंबक’ म्हणतो. संवादात मी हाच शब्द घालेन.

निवेदनात मात्र ‘कृपण’. हा शब्द मला फार आवडतो, कारण त्याचा मूळ अर्थ कंजूष नव्हेच. कृपण म्हणजे दीन, कीव करावी असा. ‘कृपा’ त्याच कुळातली. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन ‘कार्पण्यदोष’ म्हणतो तेव्हा तो काही चिक्कूपणाची कबुली देत नसतो, आपली दीनवाणी अवस्था सांगत असतो. ‘कृपणाः फलहेतवः’ हेही त्याच अध्यायातलं. आणि गंमत बघा, इंग्रजीतला ‘मायझर’ ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचाही अर्थ दुःखी, दीन असाच होता. इतक्या दूरच्या दोन भाषांत दीनवाण्याचा कंजूष झाला!

आता ‘कडवट’. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडूच, असं आपण म्हणतो. कडूपणा जातीचा असतो. स्क्रूजचा तसा नाही. सुट्टीत शाळेत एकटा राहिलेला मुलगा, बहिणीवर जीव असलेला भाऊ, मालकाच्या गोदामातल्या मेजवानीत नाचलेला शिकाऊ उमेदवार, हे सगळं तोच होता. पुढे गरिबीच्या धास्तीने पैशाला चिकटला आणि वाग्दत्त वधूही सोडून गेली. डब्यात बंद राहिलेलं चांगलं खोबरं जसं होतं, तसा तो झाला: खवट. ‘खवट म्हातारा’, ‘खवट बोलणं’ हे घरोघरी ऐकू येतं, वाचकाला अडखळायला होणार नाही. खोबरं पुन्हा ताजं होत नाही आणि स्क्रूज होतो, एवढ्यापुरती ही उपमा तोकडी पडते, तरी ‘कडवट’पेक्षा पुष्कळ जवळची.

भाच्याच्या घरच्या प्रसंगात ‘कृपण’ जपून वापरा, तिथे त्याचा ‘कीव करावी असा’ हा मूळ अर्थही जागा होतो. मामांच्या वागण्याचा त्रास शेवटी त्यांनाच होतो, मला त्यांचा राग येत नाही, कीव येते, असं तो भाचा तिथे सांगतो.