अर्ज भरून देणारा आणि सल्ला देणारा

बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तीनदा म्हणालास, "मावशी, तोंड दाखवायला जागा राहिली नाही." तेव्हा मी गप्प बसले, कारण तुला आधी बोलू द्यायचं होतं. आता माझं ऐक. नोकरी गेली, त्यातच हॉस्पिटलचं बिल येऊन पडलं आणि चार महिने घरभाडं क्रेडिट कार्डावर गेलं. यात तू कुणाला फसवलंस? अमेरिकेतला दिवाळखोरीचा कायदा अशाच माणसासाठी आहे. लाजेपोटी माणूस कुणाला विचारत नाही. न विचारता घाईने दोन-चार गोष्टी करून बसतो आणि नंतर निस्तरत राहतो. मला भीती आहे ती त्याची.

तू ज्याच्याकडे गेलास, तो दोनशे डॉलरांत दोन दिवसांत दिवाळखोरीचे सगळे फॉर्म भरून देणारा माणूस. असा माणूस बेकायदेशीर नसतो. कायद्यात त्याला पिटिशन प्रिपेअरर म्हणतात. पण त्याचं काम टायपिंगचं: तू सांगशील ते त्याने फॉर्मवर उतरवायचं. चॅप्टर ७ (विकता येण्याजोगी मालमत्ता देऊन देणी माफ) करावा की १३ (काही वर्षं हप्त्याने फेड), कोणती मालमत्ता सूट म्हणून, म्हणजे तुझ्याकडेच राहणारी म्हणून दाखवावी, टॅक्सचं काय होईल, यातलं काहीही सांगायची त्याला मनाई आहे. टॅक्सच्या परिणामांचा तर कायद्यात वेगळा उल्लेखच आहे. ही मनाई सांगणारा ११९ नंबरचा फॉर्म त्याने तुला द्यायचा असतो आणि त्यावर दोघांच्या सह्या लागतात. कोर्टाची फीसुद्धा त्याला तुझ्याकडून घेता येत नाही. "टॅक्सचं काही टेन्शन घेऊ नका, ते मी बघतो" असं तो तुला म्हणाला ना? तिथेच मला खटकलं.

मी इन्रोल्ड एजंट आहे, म्हणजे अमेरिकेच्या करखात्यापुढे लोकांची बाजू मांडायचा परवाना असलेली; वकील नाही. टॅक्सचं मी ठामपणे सांगते. बाकीचं जे सांगेन ते वकिलाकडून पक्कं करून घे.

आता त्या कार्ड कंपनीच्या पत्राबद्दल. १४,००० चं देणं ५,००० भरून मिटवा, असं त्यात आहे. वाचून तुला हायसं वाटलं असेल. त्यावर सही करू नकोस. का, ते एका बाईंच्या गोष्टीवरून सांगते.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत त्या माझ्यासमोर बसल्या होत्या. हातात १०९९-सी हा फॉर्म. सहाशे डॉलर किंवा त्याहून जास्त देणं माफ केलं की बँक हा फॉर्म पाठवते, एक प्रत तुला आणि एक आयआरएसला, म्हणजे करखात्याला. त्यांनी उन्हाळ्यात ११,००० चं कार्ड ४,००० भरून मिटवलं होतं आणि नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. फॉर्मच्या दुसऱ्या रकान्यात ७,००० होते. सहाव्या रकान्यात एकच अक्षर होतं, एफ. म्हणजे देणं आपसांतल्या कराराने माफ झालेलं. तिथे ए असतं, तर त्याचा अर्थ दिवाळखोरीत माफ झालेलं.

सगळी मेख त्या अक्षरामागच्या तारखेत आहे. दिवाळखोरीच्या केसमध्ये माफ झालेलं देणं उत्पन्नात धरत नाहीत. रिटर्नसोबत ९८२ नंबरचा फॉर्म जोडायचा, पहिल्याच ओळीतल्या ए चौकटीत खूण करायची. पण केसच्या आधी कराराने माफ झालेली रक्कम उत्पन्न धरली जाते. तिथे एकच आधार उरतो: माफीच्या आदल्या क्षणी तुझी देणी मालमत्तेपेक्षा जितकी जास्त होती, तितक्यापुरती सूट. आणि या हिशेबात निवृत्तीच्या खात्यातली रक्कमही मालमत्तेत धरावी लागते. त्या बाईंचं ते खातं बऱ्यापैकी होतं, त्यामुळे देणी मालमत्तेपेक्षा फक्त २,५०० ने जास्त ठरली. उरलेल्या ४,५०० वर टॅक्स बसला. भरलेले ४,००० गेले ते वेगळेच. तेच कार्ड तसंच ठेवून नोव्हेंबरच्या अर्जात टाकलं असतं, तर हा टॅक्स लागलाच नसता. त्या नुसत्या म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच नाही." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, म्हणून तुला इतकं लांबण लावून सांगते आहे.

तसंच ४०१(के), म्हणजे तुझं नोकरीतलं निवृत्तीचं खातं, मोडायचा विचार डोक्यातून काढून टाक. साडेएकोणसाठच्या आत पैसे काढलेस तर ते उत्पन्नात धरतात आणि वर सहसा १० टक्के जादा कर लागतो. तो कर नवा, त्यामुळे दिवाळखोरीत सुटत नाही. एरवी त्या खात्याला ज्यांचं देणं आहे ते सहसा हात लावू शकत नाहीत. सुरक्षित पैसा मोडायचा आणि सुटू शकणारी देणी फेडायची, असा तो व्यवहार होईल.

काकांचे ३,००० आधी परत करतो म्हणालास. तुझा स्वभाव मला माहीत आहे, पण थांब. अर्जाआधीच्या एका वर्षात नातेवाइकांना दिलेले पैसे अर्जात लिहावे लागतात आणि ट्रस्टी, म्हणजे केसमधली मालमत्ता बघायला नेमलेला माणूस, ते काकांकडून परत मागू शकतो. त्यांच्या दारात तसली नोटीस गेलेली तुला चालेल का? केस संपल्यावर तू आपखुशीने त्यांना देऊ शकतोस, त्याला कायद्याची आडकाठी नाही.

भारतातलंही काही लपवू नकोस. वडिलांबरोबर जोडनावावर असलेली एफडी, गावच्या जमिनीतला हिस्सा, जे तुझ्या नावावर आहे ते सगळं यादीत यायला हवं. कायदा मालमत्ता कुठे आहे ते बघत नाही. अर्ज केल्यानंतर १८० दिवसांत वारसाहक्काने काही मिळालं तर तेही सांगावं लागतं. हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांग, कारण यावरूनच कदाचित चॅप्टर बदलेल.

वकील परवडत नाही म्हणून फॉर्मवाल्याकडे गेलास, हे मला कळतं. पण आधी तुझ्या काउंटीच्या लीगल एडला, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेला, फोन कर. जवळच्या लॉ स्कूलचं क्लिनिक आहे का बघ, बार असोसिएशनला, म्हणजे वकिलांच्या संघटनेला, विनाशुल्क वकिलाबद्दल विचार. बरेच दिवाळखोरीचे वकील पहिल्या भेटीचे पैसे घेत नाहीत. चॅप्टर ७ ची कोर्टाची फी ३३८ डॉलर आहे. ती हप्त्याने भरता येते आणि उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दीडपटीहून कमी असेल तर माफीही मागता येते. अर्जाआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून क्रेडिट काउन्सेलिंग घ्यावंच लागतं. ते फोनवर किंवा इंटरनेटवर होतं.

आयआरएसचं जुनं देणं आहे म्हणालास, त्याचं घाईत ठरवू नकोस. प्राप्तिकराचं देणं सुटू शकतं, पण रिटर्नच्या मुदतीला तीन वर्षं, प्रत्यक्ष रिटर्न भरल्याला दोन वर्षं आणि कर आकारल्याला २४० दिवस उलटलेले लागतात. अर्ज काही आठवडे आधी पडला म्हणून ते देणं तसंच गळ्यात राहिलेलं मी पाहिलं आहे. त्यासाठी आयआरएसकडून तुझा अकाउंट ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे करखात्यातल्या नोंदींचा उतारा, काढू, त्यात तारखा असतात. रिफंड येणार असेल तर त्याचंही बघायला हवं, कारण अर्जाच्या दिवसापर्यंतचा त्यातला वाटा ट्रस्टीकडे जाऊ शकतो.

शनिवारी सकाळी दहाला व्हिडिओ कॉल करू. मागच्या चार वर्षांची रिटर्न्स, सहा महिन्यांच्या पगाराच्या आणि बेकारी भत्त्याच्या पावत्या, सगळ्या कार्डांची शेवटची बिलं आणि ते पत्र समोर ठेव. वसुलीवाल्यांचे फोन आले तर पैसे कबूल करू नकोस, फक्त नाव आणि तारीख लिहून ठेव. त्या फॉर्मवाल्याला काही दिलं असशील तर पावतीही शोधून ठेव. आणि शुक्रवारी रात्री नीट जेवून झोप.

तुझी,
मावशी