शिकलेली, कमावती माणसंसुद्धा गावकीचा दंड निमूट का भरतात?

तुम्ही विचारलंय की वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, तरी शहरात नोकरी करणारी, चार पुस्तकं शिकलेली माणसं गावकीपुढे किंवा जात पंचायतीपुढे हात जोडून दंड का भरतात. ती भित्री आहेत की अंधश्रद्धाळू?

मी रायगड जिल्ह्यातला. माझ्या मते ती बहुतेक वेळा यांतलं काहीच नसतात. ती हिशेब करतात, आणि समोर दिसतं तेवढ्यापुरता तो बरोबरही असतो. घोळ आहे तो त्या हिशेबामागच्या समजुतीत.

ज्यांनी कोकणातलं गाव आतून पाहिलेलं नाही त्यांना गावकी म्हणजे दंड ठोठावणारी चार म्हातारी माणसं वाटतात. प्रत्यक्षात शिमग्याची पालखी, देवळाचा खर्च, विहिरीतला गाळ काढणं, लग्नाचा मांडव, पावसाळ्याआधी पाखाडीची, म्हणजे वाडीतल्या दगडी पायवाटेची, डागडुजी, सगळं तिच्यातूनच होतं. आणि मुख्य म्हणजे मयत. घरात माणूस गेलं की घरच्यांनी कुणाला काही सांगायचं नसतं. कुणी लाकडं फोडायला घेतो, कुणी तिरडी बांधतो, कुणी मुंबईला फोन लावतो, शेजारची बाई चुलीवर चहाचं आधण ठेवते. ज्याने हे एकदा अनुभवलंय त्याला ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण पटवून द्यावी लागत नाही. मुंबईतही तेच होतं. गिरणगावात गावोगावच्या मंडळींच्या खोल्या असायच्या. गावचा पोरगा एसटीतून उतरला की पथारी टाकायला जागा आणि पहिली नोकरी लावणारा माणूस तिथेच भेटायचा. आजही कित्येक गावांची मंडळं मुंबईत आहेत, आणि गावातल्या भांडणाचा निकाल कधीकधी मुंबईच्या बैठकीत लागतो.

म्हणून मी तुम्हाला असं सांगणार नाही की हा आधार खोटा आहे. आधार खरा आहे. खोटी आहे ती समजूत की तो आपल्याला गावकीचे पुढारी देतात. लाकडं फोडतो तो शेजारी, खांदा देतो तो चुलतभाऊ. पंचांचं स्वतःचं त्यात काही नसतं. त्यांच्याकडे असतो फक्त एक शब्द, ‘बंद’. तो शब्द त्यांनी उच्चारला की शेजाऱ्याने स्वतःचे हात थांबवायचे. आपल्याच हातांच्या कामाची किल्ली आपण दुसऱ्याकडे देऊन ठेवली आहे, हे कुणाच्या मनातही येत नाही, कारण ज्या दिवशी सगळं सुरळीत चाललेलं असतं त्या दिवशी ‘पंचामुखी परमेश्वर’ म्हणणं फार सुखाचं असतं. निर्णय कुणीतरी घेतंय, भांडण कुणीतरी मिटवतंय, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

माझ्या आत्याच्या घरी हे घडलं. तिच्या दिरानं ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत गावकीनं ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध अर्ज भरला आणि मागे घ्यायला नकार दिला. घराला कुणी दगड मारला नाही, शिवी दिली नाही. गिरणीवाला म्हणाला, पट्टा तुटलाय. रिक्षावाला म्हणाला, भाडं ठरलंय. दुकानदार तिच्याकडे न बघता दुसऱ्याला माल देत राहिला. शिमग्याला पालखी वाडीत आली, प्रत्येक अंगणात नाचली आणि त्यांच्या अंगणासमोरून तशीच पुढे गेली. आत्यानं ओटीचं ताट तयार ठेवलं होतं. ती मला म्हणाली, ‘पिठाचं काही वाटलं नाही रे, तालुक्याला जाऊन दळून आणलं. पण पालखी पुढे गेली तेव्हा वाटलं, आता देवानंच टाकलं आपल्याला.’ हे वाक्य मी वारंवार आठवून पाहिलंय. पालखी खांद्यावर घेणारी पोरं तिच्याच अंगणात लहानाची मोठी झालेली. निर्णय घेतला पाचसात माणसांनी, आणि तिला तो देवाचा वाटला. इथे पंचांची सत्ता पूर्ण होते. पुढे दंड भरला गेला तो यामुळे. दिराला स्वतःला काही महिने आणखी काढता आले असते, पण आत्याचा चेहरा बघवेना.

शिक्षण आणि हुद्दा यांनी माणूस सुटतो असं तुम्ही गृहीत धरलंय, म्हणून थोडं मागे नेतो. ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी गेली. तिथे चहा आला. काहींनी प्यायला, काहींनी नुसता स्वीकारला. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, पेटलं. मिशनऱ्याच्या घरचा चहा घेतला म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि त्याबद्दल सुधारकांनीच त्यांना बोल लावला. इंग्रजांच्या न्यायखात्यात एवढ्या वरच्या जागी बसलेला, विधवाविवाहाची चळवळ चालवणारा माणूस. त्यांना कुणाची भीती होती? त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी आठवणींत लिहिलंय त्यावरून दिसतं ते असं, की बरोबरच्या मित्रांची घरी फार कोंडी होत होती आणि ती सुटावी म्हणून ते तयार झाले. जो माणूस स्वतः वाकत नाही त्याला त्याच्या माणसांवरून वाकवायचं, ही रीत तेव्हाही तीच होती. रानड्यांना कमकुवत म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या व्यवस्थेचं बळ त्यांच्यासारख्यावरही चाललं, यातून आपण तिच्याबद्दल शिकावं.

भटक्या-विमुक्त जमातींची गोष्ट आणखी वेगळी आहे, आणि तिथे बाहेरच्यांनी फार सांभाळून बोललं पाहिजे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं या लोकांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२मध्ये रद्द झाला, पण पोलीस चौकीची दहशत गेली नाही. ज्यांना कोर्टात जायचं म्हणजे आधी पोलिसाच्या तोंडी जायचं, त्यांनी आपला न्याय आपल्या पंचांत शोधला. नगर जिल्ह्यातल्या मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेत अशा पंचायती भरत आल्या. सरकारनं दार बंद ठेवलं म्हणून ती माणसं पंचांच्या दारात गेली, आणि त्या दारात गेलेल्या बायकांचं काय झालं हे आपण वर्तमानपत्रांत वाचलंय. कंजारभाट समाजातल्या तरुणांनी लग्नाच्या रात्रीच्या कौमार्य चाचणीविरुद्ध मोहीम काढली तेव्हा त्यांना मारहाण झाली, बहिष्काराला तोंड द्यावं लागलं. त्या मुलामुलींबद्दल मला अपार आदर आहे, कारण त्यांच्याकडे पंचायत सोडली तर दुसरा आधार जवळजवळ नव्हताच.

आता कायद्याचं. मुंबई प्रांतानं १९४९मध्येच बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं तो रद्द केला. धर्माच्या कारणावरून एखाद्याला बाहेर काढणं हा पंथाच्या स्वतःच्या कारभाराचा भाग आहे, असा बहुमताचा निर्णय होता. विरोधातलं एक मत सरन्यायाधीश सिन्हा यांचं. मला ते जास्त पटतं. बहिष्कृत माणसाचं जगणं अस्पृश्याच्या जगण्यापेक्षा वेगळं राहत नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्या निकालाचा फेरविचार आता मोठ्या घटनापीठाकडे आहे. मध्यंतरी नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं २०१३पासून जात पंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दाभोलकरांचा खून झाला, तरी कार्यकर्ते थांबले नाहीत. त्यातून महाराष्ट्राचा २०१६चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा झाला आणि जुलै २०१७पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. देऊळ, स्मशान, पाणवठा अडवणं, संबंध तोडायला लावणं, बहिष्कारासाठी सभा भरवणं, सगळं त्यात येतं.

कायदा चांगला आहे. अडतं ते साक्षीत. पोलीस गावात आले की पंच म्हणतात, ‘आम्ही कुठे वाळीत टाकलं? कुणी कुणाशी बोलावं हे आम्ही कसं सांगणार?’ आणि शेजारी मान डोलावतात. न बोलण्याचा पुरावा आणायचा कुठून?

माझ्या पाहण्यात गावकीचा वचक कमी झाला तो दोन रस्त्यांनी. एक म्हणजे नळाचं पाणी, घरातली छोटी गिरणी, फोन केल्यावर येणारी रुग्णवाहिका, बायकांचे बचत गट. गरज भागवायला दुसरी वाट निघाली की ‘बंद’ या शब्दाची धार जाते. दुसरा रस्ता म्हणजे आदेश न पाळणारी दोन घरं. आत्याच्या शेजारची एक बाई रोज संध्याकाळी मागीलदारी येऊन बसायची. तिलाही दंडाची धमकी आली, तरी ती येत राहिली. तिचं पाहून आणखी एक घर बोलायला लागलं, आणि मग पंचांनाच तडजोडीची घाई झाली. दंड परत मिळाला नाही, पण पुढच्या शिमग्याला पालखी अंगणात आली.

तुमच्या ओळखीचं कुणी आत्ता या फेऱ्यात असेल तर दंड भरण्याआधी एवढं करायला सांगा. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे निरोप जपून ठेवा. दंड मागितला तर पावती मागा, बैठकीची नोटीस आली असेल तर तिचा फोटो काढा. तक्रार पोलिसांकडे करता येते, तशीच थेट दंडाधिकाऱ्यांकडेही. ती घरच्या माणसालाही करता येते, पीडितानेच गेलं पाहिजे असं नाही. आणि तक्रार लिहिण्याआधी वाडीतली निदान दोन घरं गाठा, जी साक्षीला उभी राहतील. ती मिळायला वेळ लागला तरी थांबा, कारण खटला पुढे त्यांच्याच जोरावर चालतो.