ती तळटीप पप्पांजवळ बसून वाच

प्रिय मुली,

तू लिहितेस, की त्या रात्री घरच्या प्रार्थनेत बायबलमधल्या योहानाच्या पुस्तकाचा आठवा अध्याय चालला होता. व्यभिचारात धरून आणलेल्या आणि येशूने दंड न देता सोडलेल्या बाईचा. तुझ्या मोबाइलवरच्या इंग्रजी बायबलमध्ये खाली टीप होती, की सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा भाग नाही. तू ती मोठ्याने वाचलीस आणि पप्पांनी शास्त्र, म्हणजे बायबल, मिटलं. 'काना-मात्रेवर शंका घ्यायची असेल तर प्रार्थनेला बसू नकोस,' म्हणाले. महिना झाला, तुमचं बोलणं जेवणापुरतं उरलंय. आता तू विचारतेस, शास्त्रावर भरवसा ठेवायचा कसा, आणि लेकीला संडेस्कूलला पाठवू की नको?

आधी टिपेचं बघू, पोटात गोळा तिथेच आलाय. टीप खरी आहे. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकनच्या प्रसिद्ध प्रतींत ही गोष्ट नाही. काही प्रतींत तर ती लूकच्या पुस्तकात, एकविसाव्या अध्यायानंतर येते! संत ऑगस्टीनला वाटे, बायकांना मोकळं रान मिळेल या धास्तीने कुणी ती गाळली असावी. आज बहुतेक अभ्यासक म्हणतात, गोष्ट जुनी असेल, पण योहानाच्या पुस्तकात ती मागाहून आली.

पण हे आपल्याला कळलं कशावरून? नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाच्या, ग्रीक हस्तलिखित प्रती, तुकडे धरून, पाच हजारांहून जास्त आहेत. किती मुलखांत, किती हातांनी उतरवलेल्या. त्या गोळा करून एकसारख्या करणं कुणालाच जमण्यासारखं नव्हतं. म्हणून फरक राहिले, आणि एक प्रत दुसरीशी ताडून बघता येते तीही त्यामुळेच. बरेचसे फरक शुद्धलेखनाचे, शब्दांच्या क्रमाचे. एवढा लांब उतारा वादात असलेल्या जागा दोनच: ही, आणि मार्कच्या पुस्तकाची शेवटची बारा वचनं. तिथे टीप छापणाऱ्यांनी तुझ्यापासून काही लपवलं नाही. मला त्या टिपेने धीर येतो.

जुन्या कराराचंही असंच. १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची गुंडाळी सापडली. तोवर हाती असलेल्या इब्री प्रतींहून सुमारे हजार वर्षं जुनी. फरक तिच्यातही आहेत, पण नाताळात आपण वाचतो तो यशया तिच्यात सहज ओळखू येतो.

मात्र एक सरळ सांगते. प्रती नीट उतरवल्या गेल्या, एवढ्याने ते देवाचं वचन ठरत नाही. तो विश्वास आहे, आणि तो माझा आहे. आमच्या आईच्या शास्त्राच्या कोऱ्या पानावर आम्हा भावंडांच्या जन्मतारखा होत्या. धाकटा गेला तेव्हा तिने त्याच्या नावापुढे दुसरी तारीख लिहिली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि १३०वं स्तोत्र काढलं. खोल गर्तेतून देवाला मारलेली हाक. तिला हस्तलिखितांतलं काही ठाऊक नव्हतं. पण सकाळी ती उठली, तिने चूल पेटवली. शास्त्राचा अधिकार म्हटलं की मला ती सकाळ आठवते.

आणि विचारणं म्हणजे बंड असं कुणी सांगितलं? पंडिता रमाबाई केडगावला अखेरची वर्षं इब्री आणि ग्रीक घेऊन बसल्या, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणायला. शब्द न शब्द उलटसुलट पाहिल्याशिवाय ते काम होतं का?

पप्पांशी वाद घालू नकोस. ते रागावले खरे, पण पोरगी हातची जातेय या भीतीने. रविवारी उपासनेनंतर चहा घेऊन त्यांच्याजवळ बस आणि लूकची पहिली चार वचनं त्यांनाच वाचायला सांग. मी सगळं मुळापासून शोधून लिहिलंय, असं लूक तिथे सांगतो. मग विचार, 'पप्पा, लूकने शोध घेतला, तसा आपण दोघं घेऊ या का?' लगेच हो म्हणतील असं नाही. थांब जरा.

लेकीला मात्र याच रविवारी संडेस्कूलला पाठव. सोडायला पप्पांनाच सांग.

तुझी,
मावशी