इग्वानासाठी यूव्हीबी: कॉइल, ट्यूब की खिडकीतलं ऊन?

तुझे प्रश्न वाचले. दुकानदाराने २६ वॉटचा कॉइलवाला (पिळदार नळीचा) यूव्हीबी बल्ब, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा बल्ब, दिलाय तो पुरेल का, काचेची टाकी खिडकीत ठेवली तर बल्बची गरजच काय, आणि बाबा म्हणतात की आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरींना कोण ट्यूब लावायला जातं. बाबांचा मुद्दा भारी आहे, तिथूनच सुरू करतो.

काला घोड्याच्या पुलावरून थंडीत खाली बघितलंस तर मगरी काठावर तोंड वासून पडलेल्या दिसतात, पण त्यांच्या आणि सूर्याच्या मध्ये काच नसते हा पहिला फरक. दुसरं म्हणजे मगर मासे, पक्षी, जे मिळेल ते खाते, थोडंफार डी थ्री जीवनसत्त्व (हाडांना कॅल्शियम लागू करणारं) तिला त्यातून मिळून जातं. इग्वाना हा सरडा पक्का शाकाहारी. त्याला ते स्वतःच्या कातडीतच बनवावं लागतं, आणि ते बनतं २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या आसपासच्या किरणांनी. साधी खिडकीची काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते, अ‍ॅक्रिलिकची शीटसुद्धा. म्हणजे खिडकीतल्या टाकीत यूव्हीबी शून्य आणि उष्णता मात्र भरपूर, आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये बंद काचेत जनावर तासाभरात भाजून निघेल. टाकी आजच खिडकीतून हलव, बाकीचं नंतर वाच.

आता बल्ब. सगळे विचारतात किती वॉट, यूव्हीबीचा जोर ५.० चा घेऊ का १०.० चा, कोणती कंपनी. मी म्हणतो आधी हे बघ की जनावराच्या पाठीवर किती पडतंय, कारण तेवढंच त्याच्या कामाचं. हे यूव्ही इंडेक्समध्ये (अतिनील किरणांच्या जोराचा आकडा) मोजतात. फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सरडे-साप निसर्गात किती ऊन घेतात ते मोजून चार झोन पाडले, त्यात हिरवा इग्वाना तिसऱ्या झोनमध्ये धरतात. म्हणजे बास्किंगच्या (ऊन खायच्या) फांदीवर इंडेक्स साधारण ३ ते ४, आणि तिथून लांब जात सावलीत शून्य. शून्य पण लागतंच हं, त्याला नको वाटलं की लपायला जागा हवी.

कॉइल इथेच मार खातो. त्याचा झोत छोटा, जवळ जोरात आणि फूटभर खाली गेलं की काही उरत नाही. तुझं पिल्लू आज वीतभर आहे, पण हा प्राणी शेपटीसकट पाच-सहा फुटांपर्यंत जातो, डोकं उजेडात आणि बाकी सगळं अंग अंधारात असं होणार. वर जाळीचं झाकण असेल तर जाळीच तीसेक टक्के खाते, बारीक जाळी तर आणखी जास्त. कॉइल फेकू नको, नवीन ट्यूब येईपर्यंत जाळीच्या आतून, फांदीपासून वीतभर अंतरावर, आडवा लाव. डोळ्यासमोर उभा लोंबकळत ठेवू नको, आणि पिल्लू डोळे मिटून बसायला लागलं तर काढून टाक.

घ्यायची ती टी-फाइव्ह एचओ (बारीक, जास्त जोराची) ट्यूब, १० किंवा १२ टक्के यूव्हीबीवाली, मागे चकचकीत रिफ्लेक्टर असलेली, झू मेड किंवा आर्केडिया कंपनीची, जी मिळेल ती. लांबी पिंजऱ्याच्या निम्म्याहून जास्त. जाळी मध्ये नसेल तर फांदी ट्यूबपासून साधारण बारा ते पंधरा इंच खाली, कंपनीच्या तक्त्यात अंतर दिलेलं असतं ते बघून ठरव. बास्किंगचा हॅलोजन (उबेचा बल्ब) त्याच टोकाला, कारण कातडीत आधी कच्चं रूप बनतं आणि त्याचं डी थ्री व्हायला अंगाची ऊब लागते, एका कोपऱ्यात ऊब आणि दुसऱ्यात यूव्हीबी असं केलंस तर अर्धं काम वाया.

आता फिटिंगचं, कारण इथे बरेच जण फसतात. २४ वॉटची एचओ ट्यूब आणि १४ वॉटची साधी टी-फाइव्ह दोन्ही एकाच लांबीच्या, ५४९ मिलिमीटर, पिना पण सारख्याच. इलेक्ट्रिकवाला "एकच आहे, बसते" म्हणून १४ वॉटच्या पट्टीत घालून देईल, लागेल पण, फक्त जोर कमी आणि तुला डोळ्यांनी कळणार नाही. एलईडीच्या पट्टीत तर घालूच नकोस. फिटिंग उलटं करून चोक बघ, त्यावर २४ वॉट एचओ छापलेलं हवं, आणि २२०-२४० व्होल्ट. अमेरिकेतून कोणी आणलेलं ११० व्होल्टचं असेल तर आपल्या लाइनवर पहिल्याच दिवशी धूर.

ऑनलाइन जे स्वस्त "यूव्हीए यूव्हीबी टू इन वन" तारेचे बल्ब मिळतात ते नुसते हीटर समज, तापलेल्या तारेतून कामापुरतं यूव्हीबी निघत नाही. वॉटर प्युरिफायरची यूव्ही ट्यूब जुगाड म्हणून लावायचा विचारसुद्धा नको, ती यूव्हीसी, म्हणजे जंतू मारणारे किरण, डोळे जातील, त्याचे आणि तुझे. ट्यूब वर्षाने बदलायची, दिसायला पांढरी लख्ख असली तरी यूव्हीबी उतरलेलं असतं. यूव्ही इंडेक्स मोजायला सोलारमीटर ६.५ नावाचं मीटर येतं, महाग आहे, पण ग्रुपमध्ये कोणाकडे असेल तर मागून घे आणि फांदीवर धरून बघ.

बाबांना बिलाचं सांग: २४ वॉट रोज बारा तास म्हणजे महिन्याला नऊएक युनिट, जुना पंखा जास्त खातो. टाइमर लाव, रात्री पूर्ण अंधार, लाल बल्ब वगैरे काही नाही. जानेवारीत रात्री गार पडतं तेव्हा सिरॅमिक हीटर, तोही थर्मोस्टॅटवर.

खरं ऊन मिळालं तर सोन्याहून पिवळं. अगाशीत जाळीचा पिंजरा ने, अर्ध्यावर गोणपाट टाक, पाणी ठेव, आणि तिथेच बस. लोक म्हणतात कोवळं ऊन चांगलं, पण सकाळी सातला तुझी सावली तुझ्या कितीतरी पट लांब असते तेव्हा यूव्हीबी नावालाच असतं. सावली उंचीच्या दीडपटीपर्यंत आली की खरं सुरू. बडोद्यात डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सावली जवळपास आपल्याएवढी असते, म्हणून थंडीत दुपारचं ऊन बिनधास्त दे, उन्हाळ्यात मात्र नऊ-साडेनऊनंतर आत. उत्तरायणाचे (पतंगांचे) दोन दिवस नेऊ नको, दोरीत पाय अडकतो आणि त्या आरडाओरड्याने जनावर बिथरतं.

खाण्याचं थोडक्यात. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं उत्तम. वर चिमूटभर कॅल्शियम पावडर. जबडा मऊ लागला, बोटं थरथरली किंवा पोट जमिनीवरून उचलत नसेल तर ट्यूबची वाट बघत बसू नको, ती हाडं ठिसूळ व्हायची सुरुवात असते. आणंदच्या व्हेटर्नरी कॉलेजला आधी फोन करून सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर कधी असतात ते विचार आणि मग जा.

आणि हो, इग्वाना साइट्सच्या (वन्यजीव व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमध्ये आहे, २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. दुकानदाराने काही कागद दिलाय का ते लिही, आणि पिंजऱ्याची लांबी-उंची पण टाक, म्हणजे २४ वॉटची घ्यायची का ३९ ची ते सांगतो.